मंडप आणि वारा : तात्पुरत्या वास्तूंच्या सुरक्षिततेचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, पदवीदान समारंभ वा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा मंडपावाचून सहसा पार पडत नाही. मंडप समितीवर नेमले जाणारे प्राध्यापक मात्र खुर्च्यांची संख्या, ध्वनिक्षेपक आणि व्यासपीठाची सजावट यांतच गुंतलेले असतात. मंडपातील धोका म्हटला की आग आठवते आणि ते स्वाभाविकही आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मंडपाला लागलेल्या आगीत चारशेहून अधिक जीव गेले. भारतीय मानक ब्युरोचे मंडपांविषयीचे ‘आयएस ८७५८’ हे मानकही अग्निप्रतिबंधाचेच आहे. वाऱ्याचा विचार त्या मानाने मागे पडतो. प्रस्तुत लेखात वाऱ्याने मंडप का कोसळतो आणि आयोजकांच्या हाती काय असते, याचा ऊहापोह केला आहे.

वाऱ्याचे बल

वारा मंडपाला ढकलतो व मंडप आडवा होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेकदा वारा मंडपाला प्रथम उचलतो. छतावरून वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे वरच्या बाजूस दाब कमी होतो. त्यातच तीन बाजूंना कनाती लावलेल्या असून प्रवेशाची मोकळी बाजू नेमकी वाऱ्याच्या तोंडाशी असेल, तर आत शिरलेल्या हवेला वाट उरत नाही व ती छताला खालून रेटते. मंडप उभारणारे कारागीर छत खाली येऊ नये याची काळजी घेतात; ते वर जाऊ नये याची काळजी क्वचितच घेतली जाते.

या बलाचे मान साध्या गणिताने कळते. ‘आयएस ८७५ (भाग ३) : २०१५’ या संहितेनुसार वाऱ्याचा दाब, न्यूटन प्रति चौरस मीटर या एककात, वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट असतो; वेग मीटर प्रति सेकंद धरावयाचा. ताशी ३६ कि.मी. वाऱ्याला हा दाब ६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६ किलो वजनाइतका होतो. ३० फूट बाय ६० फूट छताचे क्षेत्र सुमारे १६७ चौरस मीटर. त्यावरील एकूण बल एक टनाच्या घरात जाते. वेग दुप्पट झाला की बल चौपट, म्हणजे चार टन! छताच्या आकारानुसार हे आकडे कमी-अधिक होतात, तथापि त्यापुढे कापड आणि बांबूंचे स्वतःचे वजन तोकडेच पडते. जुने सुती कापड थोडी तरी हवा जाऊ देते; ताडपत्री जाऊ देत नाही.

मेखा, तणावे आणि पिंपे

मंडप धरून ठेवण्याचे काम मेखा व तणावे करतात. फरसबंद प्रांगणात मेखा ठोकता येत नाहीत, म्हणून तणावे पाण्याने भरलेल्या पिंपांना बांधतात. घाईच्या वेळी उभ्या मोटारीलाही बांधल्याचे दिसते. दोनशे लिटरच्या भरलेल्या पिंपाचे वजन सुमारे २०० किलो असते. चार टनांसाठी वीस पिंपे, हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी तणाव्याची ओढ तिरपी असते आणि गुळगुळीत फरशीवरचे पिंप उचलले जाण्यापूर्वीच घसरते. त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरीच अधिक पिंपे लागतात. मातीच्या मैदानातही रात्री पाऊस झाला असेल, तर काल घट्ट असलेली मेख आज तशी राहत नाही. छताचा झोळ झाला की प्रश्न उलटा होतो. एक सेंटिमीटर साचलेले पाणी चौरस मीटरला १० किलो भार टाकते.

दोन दुर्घटना

२३ जून २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात जसोल येथे रामकथेचा मंडप वादळात कोसळला व किमान १४ जणांचा मृत्यू झाला. मंडप उडू लागल्याचे पाहून कथाकारांनी व्यासपीठावरूनच श्रोत्यांना बाहेर पडण्यास सांगितले होते. परंतु तोपर्यंत अवधी उरला नव्हता. लोखंडी सांगाडा आणि पाऊस यांत विजेचा प्रवाह चालू राहिल्याने हानी वाढली. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळापासून बचावासाठी लोक पत्र्याच्या शेडखाली थांबले असता त्यावर झाड पडून सात जण मृत्युमुखी पडले. झाडाच्या सावलीत मंडप घालण्याची आपली आवड या दृष्टीने तपासून पाहावयास हवी.

मंडप रिकामा करण्याचा निर्णय

याच संहितेत पुण्यासाठी मूलभूत वायुवेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे. तात्पुरत्या वास्तूंसाठीचा ०.७६ हा गुणक लावून आणि भूप्रदेश व उंचीचा गुणक १ धरून तो ताशी सुमारे १०७ कि.मी. होतो. एवढ्या वाऱ्यात नेहमीचा बांबूचा मंडप टिकेल, अशी अपेक्षाच चुकीची ठरते. म्हणून मंडप कितपत बळकट आहे, या प्रश्नाइतकाच तो केव्हा रिकामा करावयाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

वळवाच्या वादळात सोसाट्याचा गार वारा बहुधा पावसाआधी येतो. पहिल्या थेंबाची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय. भारतीय हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी जिल्हावार इशारे देतो. वायुवेगमापक नसल्यास झाडांकडे पाहावे. पाने असलेली लहान झाडे डोलू लागली की वेग ताशी २९ ते ३८ कि.मी. असतो, मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री सावरणे कठीण झाले की तो ३९ ते ४९ असतो. बांबूच्या मंडपासाठी पहिली खूण सावध होण्याची आणि दुसरी बाहेर पडण्याची मानणे युक्त ठरेल.

हा निर्णय कोण घेणार, हे कार्यक्रमापूर्वी लेखी ठरलेले असावे व ती व्यक्ती व्यासपीठावर बसलेली नसावी. प्रमुख पाहुण्यांचे भाषण मध्येच थांबविण्याचा अधिकार प्राचार्यांनी तिला आधीच दिलेला असावा, अन्यथा संकोचात मोलाची मिनिटे जातात. मुख्य स्विच कोठे आहे व तो कोण बंद करणार, हेही तिला ठाऊक हवे. लोकांना झाडांखाली वा पत्र्याच्या शेडमध्ये न पाठविता पक्क्या इमारतीत न्यावयाचे असते. त्यासाठी वर्गखोल्या कार्यक्रम चालू असेपर्यंत उघड्या ठेवाव्या लागतात. सुटीच्या दिवशी त्यांच्या किल्ल्या शिपायाकडे असतात आणि शिपाई बहुधा भोजनाच्या व्यवस्थेत गुंतलेला असतो.