पारव्यांचे बुरूज : वास्तू आणि प्रयोजन

भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोकभट्ट्यांतून जो वायू निघतो, त्यातील अमोनिया गंधकाम्लात शोषून घेऊन अमोनियम सल्फेट हे नत्रयुक्त खत तयार केले जाते. तेथे खत हे जोडउत्पादन, कारखाना पोलादाचा. इराणातील इस्फहानच्या परिसरात मात्र 16व्या-17व्या शतकांत, सफवी राजवटीत, प्राधान्याने खतासाठीच मोठमोठ्या वास्तू उभारल्या गेल्या. त्यांतील कामकरी होते रानपारवे.

फारसीत या वास्तूंना ‘बुर्ज-ए-कबूतर’ किंवा ‘कबूतरखाना’ म्हणतात. मराठीतील ‘कबुतरखाना’ हा शब्द त्याच कुळातला असला, तरी मुंबईच्या कबुतरखान्याशी यांचे साम्य नावापुरतेच आहे. मुंबईत पुण्यबुद्धीने दाणे टाकले जातात आणि विष्ठा हा उपद्रव ठरतो. याच कारणावरून 2025 साली दादरचा कबुतरखाना बंद करण्यात आला. इस्फहानच्या बुरुजात पारव्यांना दाणापाणी द्यावे लागत नसे. ते दूरवर चरून येत; मालकाने द्यायचा तो केवळ निवारा.

हा निवारा कच्च्या विटांचा, वर माती व चुन्याचा गिलावा असलेला. आकार बहुधा गोल; मोठ्या बुरुजाची उंची 18 मीटरच्या आसपास जाई. बाहेरून तो किल्ल्याच्या बुरुजासारखा आडदांड दिसतो. रचनेचे सारे मर्म आत आहे. बाहेरच्या भिंतीला आतून आडव्या भिंतींचा व कमानींचा आधार दिलेला असतो आणि या प्रत्येक पृष्ठभागावर वीतभर रुंदीच्या कोनाड्यांच्या रांगा असतात. प्रत्येक कोनाडा एका जोडीचे घर. भिंत तोलणारे आधारच घरट्यांची जागा कितीतरी पटींनी वाढवतात. एकाच बांधणीतून दोन कामे साधणारी ही युक्ती या वास्तूचा खरा गाभा मानावी लागेल. माथ्यावरच्या छोट्या मनोऱ्यांना जाळीदार छिद्रे असतात. त्यांतून पारवा आत शिरतो, ससाणा शिरू शकत नाही. बाहेरच्या भिंतीवरचा गुळगुळीत पट्टा सापांना वर चढू देत नाही. तळाशी एकच लहान दार. ते एरवी बंद असे आणि वर्षातून एकदा, साठलेले खत काढण्यासाठी, उघडले जाई.

पक्ष्यांच्या शरीरातून नत्र मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेबरोबरच बाहेर पडते. म्हणून ही विष्ठा शेणखताहून कितीतरी कसदार असते. ओल लागली की त्याचे विघटन होऊन अमोनिया उडून जातो. कोरड्या हवेतला बंद बुरूज हा कस राखून ठेवी. इस्फहानच्या खरबुजांच्या वाड्यांना हे खत दिले जाई. फ्रेंच प्रवासी शार्दां याने 17व्या शतकात या नगराभोवती असे 3,000हून अधिक बुरूज असल्याचा अंदाज नोंदवला आहे. आकडा अचूक असो वा नसो, एवढ्या संख्येने कोणी केवळ हौसेखातर ढाबळी बांधत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यामागचा हिशेब परका नाही. धनगराच्या मेंढ्या माळरानावर चरतात आणि रात्री शेतात बसवल्या जातात. त्यांच्या लेंड्यांतून माळाचा कस शिवारात उतरतो, आणि शेतकरी त्याचा मोबदला देतो. मेंढरांच्या जागी पारवे आणि शेतातल्या मुक्कामाच्या जागी बुरूज, एवढाच फरक.

विसाव्या शतकात कारखान्याचे खत पोत्यांतून मिळू लागले आणि हा व्यवहार मोडला. त्याबरोबर बुरूजही ढासळू लागले, कारण कच्च्या विटेला वेळोवेळी गिलावा लागतो आणि त्याचा खर्च खताच्या उत्पन्नातूनच भागत असे. मोजके बुरूज स्मारके म्हणून जतन केले गेले आहेत. त्यांपैकी मर्दावीज बुरूज आज इस्फहान शहराच्या वस्तीतच उभा आहे. त्याच्याभोवती वाड्या नाहीत, इमारती आहेत.