देवबंदचा मदरसा

उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यात 1866 मध्ये दारुल उलूम देवबंद हा मदरसा सुरू झाला. 1857 च्या उठावानंतर राजाश्रय उरला नव्हता. म्हणून मुहम्मद कासिम नानौतवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सरकारी मदतीऐवजी लोकवर्गणीवर उभा केला. त्याचे खरे बळ या स्वायत्ततेतच होते. येथील मौलाना महमूद हसन यांना इंग्रजांनी माल्टात कैदेत ठेवले. त्यांचे शिष्य हुसेन अहमद मदनी यांनी संमिश्र राष्ट्रवाद, म्हणजे हिंदू-मुस्लिम मिळून एकच राष्ट्र हा विचार, मांडून फाळणीला ठाम विरोध केला, तर याच परंपरेतील शब्बीर अहमद उस्मानी पाकिस्तानच्या बाजूने गेले. पुढे पाकिस्तानातील देवबंदी मदरशांतून अनेक तालिबान नेते आले. मात्र त्यामागे अफगाण युद्ध आणि त्या प्रदेशातले राजकारण होते.