पागडीच्या खोलीत विकले काय जाते?

लेखांक सातवा

सहकारी संस्थेतील सदनिका घेताना कोणकोणते दस्तऐवज पारखून घ्यावेत, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. परंतु गिरगावातील वाड्या, परळ-लालबागच्या चाळी आणि दादरच्या जुन्या इमारती यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ज्या कुटुंबांच्या हाती ना भागपत्र आहे ना खरेदीखत, आणि तरीही ज्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीचा व्यवहार लाखांच्या भाषेत होतो, त्यांना त्या विवेचनाचा फारसा उपयोग नाही. अशा व्यवहारात देणारा ‘खोली विकली’ म्हणतो आणि घेणारा ‘खोली घेतली’ म्हणतो. वस्तुतः जमीन, भिंती, छप्पर आणि सामाईक जिना यांची मालकी घरमालकाकडेच राहते, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जातो तो केवळ भाडेकरूचा हक्क. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली, तर पुढील बहुतेक शंकांची उत्तरे तिच्यातूनच निघत जातात.

या हक्काला एवढे मोल का आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकले. शहर वाढत गेले, जागेची किंमत चढत गेली, भाडे मात्र होते तेथेच राहिले. आणि या दोहोंमधील जी तफावत भाड्याच्या रूपाने वसूल होऊ शकत नव्हती ती पागडीच्या रूपाने वाहू लागली. ती घेणे त्या कायद्यान्वये घरमालकालाही अपराध होते आणि भाडेकरूलाही. त्यामुळे कित्येक दशके हे व्यवहार पावतीविना झाले: कोठे लाकूडसामानाची विक्री दाखवून, कोठे येणाऱ्यास नातेवाईक ठरवून, तर कोठे निव्वळ शब्दावर. गिरणगावातील कामगाराने भविष्य निर्वाह निधीची सारी रक्कम अशा शब्दावर विसंबून दिली आणि पुढे वाद उपस्थित झाला तेव्हा दाखवायला त्याच्यापाशी चिठोरेही नव्हते, ही अवस्था कायद्याच्या कठोरपणातूनच उद्भवली होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

31 मार्च 2000 रोजी अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने ही स्थिती पालटली. त्याच्या कलम 56 अन्वये भाडेकरूने आपला हक्क सोडताना अथवा हस्तांतरित करताना मोबदला घेणे, आणि घरमालकाने त्यास संमती देण्यासाठी रक्कम स्वीकारणे, या दोन्ही गोष्टी कायदेशीर झाल्या. मात्र येथे एक गैरसमज फार रूढ आहे. मोबदला कायदेशीर झाला म्हणजे घरमालकाच्या संमतीची गरज उरली नाही, असा अर्थ अनेकजण काढतात. तो सर्वथा चुकीचा आहे. त्याच अधिनियमाचे कलम 26 करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवण्यास आणि हक्क अन्य रीतीने दुसऱ्यास देण्यास मज्जाव करते, आणि त्याचा भंग हे जागा खाली करून मागण्याचे सबळ कारण ठरते. घरमालकाचा हिस्सा सामान्यतः रकमेच्या तिसऱ्या भागाच्या आसपास मागितला जातो. पण ही केवळ वहिवाट आहे, कायद्यात असा कोणताही आकडा नाही, सबब तो घासाघीस करून ठरवण्यास प्रत्यवाय नसावा.

व्यवहाराचा मूळ पुरावा म्हणजे भाडेपावती. ती निरखून वाचावी. स्थळप्रतीपासून फाडलेला वीतभर कागद, वर इमारतीचे व मालकाचे नाव, मग खोलीचा क्रमांक, मजला, महिना, भाड्याची रक्कम, आणि खाली मेहताजीची सही. पाहायचे ते नाव कोणाचे आहे हे तर खरेच. पण ‘भाडे’ या शब्दाऐवजी ‘जागा वापराचा मोबदला’ असे लिहिले आहे काय, किंवा ‘हक्कास बाध न येता’ असा शेरा मारला आहे काय, हेही पाहावे. असा शेरा असेल तर घरमालक देणाऱ्याचे भाडेकरूपण मान्य करीत नाही, किंबहुना धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात दावा चालू असण्याचा संभव आहे, असे समजून तेथे चौकशी केल्याखेरीज इसाराची एक पैही देऊ नये. विजेचे देयक, शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव हे राहत असल्याचे पुरावे होत, हक्काचे नव्हेत.

पावतीवर ‘कै. अमुक यांचे वारस’ असे लिहिलेले आढळते तेव्हा सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो. वडील लालबागच्या खोलीत वारले. थोरला मुलगा डोंबिवलीस, मधला बदलापुरास, आणि धाकटी अविवाहित मुलगी अखेरपर्यंत वडिलांपाशी राहून त्यांची शुश्रूषा करीत होती. हक्क कोणाचा? अधिनियमाच्या कलम 7 मधील व्याख्येनुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरते. तशी कोणीच नसेल तर वारसांचा विचार होतो, आणि एकमत न झाल्यास न्यायालय निर्णय देते. म्हणजे येथे मुलीचा हक्क अग्रेसर आहे. मालकीच्या घरात तिन्ही भावंडांना समान वाटा मिळाला असता. भाडेहक्काचा न्याय निराळा आहे, आणि हा भेद ठाऊक नसल्याने कित्येक बहिणींनी भावांच्या दडपणाखाली निमूटपणे सह्या केल्या, याचे मला अत्यंत वाईट वाटते. मृत्युपत्रानेही यातून वाट निघत नाही: अशा संरक्षित भाडेहक्काची मृत्युपत्राद्वारे विल्हेवाट लावता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये दिला. घेणाऱ्याने तरीही सर्व भावंडांची संमती लेखी घ्यावी, कारण दावा जिंकणे आणि दावाच न होणे यांत मोठे अंतर आहे.

करार त्रिपक्षीय असावा: जाणारा भाडेकरू, येणारा भाडेकरू आणि घरमालक. अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. दुय्यम निबंधकाकडे तो नोंदवून, योग्य मुद्रांक शुल्क भरूनच रक्कम पूर्ण करावी. त्याच्या मजकुरात आणखी एका गोष्टीची दक्षता हवी. 1940 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमांत 13 जून 1996 नंतर निर्माण झालेले नवे भाडेहक्क जमेस धरले जात नाहीत. म्हणून जुन्याने हक्क सोडला आणि मालकाने नव्यास जागा दिली, अशी वाक्यरचना करण्यापेक्षा, जुन्याच हक्काचे घरमालकाच्या संमतीने हस्तांतरण झाले असे स्पष्ट लिहावे, आणि 1996 पूर्वीच्या पावत्यांच्या प्रती दस्तास जोडाव्यात. पुढे म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पात्र रहिवाशांची यादी प्रमाणित करील, तेव्हा हा क्रम अखंड दिसला पाहिजे.

उरला कर्जाचा प्रश्न. पागडीच्या खोलीवर बँका गृहकर्ज देत नाहीत, याचा राग अनेकांस येतो. पण कारण उघड आहे. कर्ज थकल्यास तारण लिलावात काढण्याचा अधिकार बँकेला हवा असतो, आणि घरमालकाच्या संमतीवाचून जो हक्क दुसऱ्यास देता येत नाही त्याचा लिलाव तिने करावा कसा? इमारत नव्याने उभी राहून कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवला गेला, संस्था स्थापन होऊन भागपत्र मिळाले, की तीच व्यक्ती मालक होते आणि मग तारणाची दारे उघडतात. तेव्हा उपयोगी पडणारी रीत या शहराला जुन्या काळापासून परिचित आहे: 1882 च्या संपत्ती हस्तांतरण अधिनियमाने मूळ दस्तऐवज सावकाराकडे ठेवून, गहाणखत न लिहिता गहाण करण्याची सवलत मुळात कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या शहरांना दिली. महाराष्ट्रात आता अशा गहाणाची सूचना तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते, आणि घर विकत घेणाऱ्याने तो बोजा उतरला आहे काय हे पाहिलेच पाहिजे. एका बँकेचे कर्ज दुसरीकडे नेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सुपूर्द केलेल्या कागदांची सही-शिक्क्याची यादी जपून ठेवावी; डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ दस्तऐवज परत न केल्यास, आणि विलंब बँकेमुळे झाला असल्यास, बँकेला दररोज पाच हजार रुपये भरपाई ऋणकोस द्यावी लागते. जुन्या बँकेचा बोजा नव्या बँकेच्या नावे कसा फिरवतात, आणि त्या दरम्यान घर विकायचे झाल्यास साठेखतात काय लिहावे, याचा ऊहापोह पुढील लेखांकात करू.