अंडाशयाच्या कर्करोगावरील उपचारांनंतरची देखरेख आणि अनिश्चिततेचे जीवन

बीजसंज्ञा : अंडाशयाचा कर्करोग, सीए-१२५, पुनरुद्भव, देखरेख, अनिश्चितता

प्रस्तावना

उपचार संपले म्हणजे आजार संपला, असा सर्वसाधारण समज आहे. अंडाशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत तो पुरेसा खरा नाही. पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही या रोगाची लक्षणे अपचनाच्या किंवा वयाच्या तक्रारी समजून दुर्लक्षिली जातात. त्यामुळे निदान बहुधा रोग पोटात पसरल्यानंतरच होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ३३ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला.

शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल या औषधांची केमोथेरपी यांमुळे बहुसंख्य रुग्णांमध्ये रोग प्रथम मागे हटतो. तथापि पुढच्या टप्प्यावर निदान झालेल्या सुमारे ७० टक्के वा अधिक रुग्णांमध्ये तो पुन्हा उद्भवतो. बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. रोग लवकरच्या टप्प्यावर सापडल्यास हे प्रमाण बरेच कमी असते. मात्र आपण कोणत्या गटात मोडणार, हे कोणत्याही स्त्रीला उपचार संपताना खात्रीने सांगता येत नाही. ती रुग्णही नसते आणि पूर्णतः निरोगीही नसते. या मधल्या काळातील देखरेखीतून काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देखरेखीचे स्वरूप

सर्वसाधारणपणे पहिली दोन वर्षे दर दोन ते चार महिन्यांनी, पुढील तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा तपासणी केली जाते. तीत लक्षणांची विचारपूस, शारीरिक तपासणी आणि अनेकदा रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची मोजणी यांचा समावेश असतो. सीटी स्कॅन शंका आल्यास केला जातो.

रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड प्रसिद्ध केले. अनेक प्रतिपिंडे तपासताना १२५ व्या क्रमांकाचे उपयुक्त ठरले, म्हणून हे नाव. सामान्यतः प्रतिमिलिलिटर ३५ एकक ही त्याची वरची मर्यादा मानतात. परंतु मासिक पाळी, गर्भारपण, गर्भाशयातील गाठी, एंडोमेट्रिओसिस, यकृताचे विकार यांतही हा आकडा वाढतो. भारतात पोटाचा क्षयरोग हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. उलट काही रुग्णांमध्ये रोग असूनही तो वाढत नाही. म्हणून एका अहवालापेक्षा अनेक अहवालांचा कल पाहणे महत्त्वाचे असते. तसेच प्रयोगशाळांच्या पद्धती भिन्न असल्याने शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करणे इष्ट ठरते.

लवकर कळण्याचे मोल

लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक महिने हा आकडा वाढू शकतो. त्यामुळे पुनरुद्भव लवकर कळला तर उपचार लवकर होतील आणि आयुष्य वाढेल, हे अनुमान स्वाभाविक वाटते. ब्रिटन व अन्य देशांतील एका मोठ्या चाचणीने ते पडताळून पाहिले. गॉर्डन रस्टिन यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांनंतर रोगाची चिन्हे न उरलेल्या १४४२ स्त्रियांची नोंदणी झाली. त्यांची दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी होई. परंतु निकाल त्यांना व त्यांच्या डॉक्टरांना कळवला जात नसे. आकडा वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक झालेल्या ५२९ स्त्रियांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले गेले. एका गटाला निकाल कळवून लगेच केमोथेरपी दिली. दुसऱ्या गटात लक्षणे वा शारीरिक चिन्हे दिसेपर्यंत थांबले.

पहिल्या गटात केमोथेरपी सुमारे ४.८ महिने आधी सुरू झाली. तरीही त्या गटातील जगण्याचा मध्यक २५.७ महिने, तर थांबलेल्या गटाचा २७.१ महिने होता. म्हणजे आयुष्यात अर्थपूर्ण फरक पडला नाही. जीवनमान मात्र पहिल्या गटात लवकर खालावले. 'रोग परतला आहे' हे जाणून घालवलेले महिने वाढले. एकूण महिने वाढले नाहीत.

या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. ही चाचणी आजची काही औषधे व शस्त्रक्रियेविषयीचे नवे पुरावे उपलब्ध होण्यापूर्वीची आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेस्कटॉप-३' या ४०७ रुग्णांच्या चाचणीत, प्रथम पुनरुद्भवाच्या वेळी काटेकोरपणे निवडलेल्या स्त्रियांवर केमोथेरपीपूर्वी पुन्हा शस्त्रक्रिया केल्यास जगण्याचा मध्यक ४६ वरून ५३.७ महिन्यांवर गेला. रोग मर्यादित असतानाच कळला तर अशी शस्त्रक्रिया शक्य होईल, असे काही तज्ज्ञ मानतात. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या स्त्रियांसाठी ओलापॅरिबसारखी औषधेही आता उपलब्ध आहेत. त्यामुळे नियमित सीए-१२५ तपासणी करावी की नाही, याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. हा निर्णय लाभ-हानी समजून घेऊन त्या स्त्रीनेच डॉक्टरांच्या साहाय्याने घ्यावयाचा आहे.

अनिश्चिततेचे आकलन

तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडणे, प्रत्येक पोटदुखीत रोगाची चाहूल लागणे, पुढील वर्षाचे बेत न आखणे, हे अनुभव या स्त्रियांमध्ये सर्रास आढळतात. परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक मर्ल मिशेल यांनी १९८८ मध्ये आजारातील अनिश्चिततेचा सिद्धांत मांडला. अनिश्चितता स्वतः चांगली वा वाईट नसते. व्यक्ती तिचा अर्थ धोका असा लावते की संधी असा, यावर तिचे परिणाम अवलंबून असतात, हे त्याचे सूत्र होते. १९९० मध्ये त्यांनी त्यात भर घातली. दीर्घकालीन आजारात अनिश्चितता नाहीशी होत नाही; म्हणून खात्रीचा आग्रह सोडून शक्यतांच्या भाषेत विचार करण्याकडे व्यक्ती हळूहळू वळू शकते, असे त्यांनी दाखवून दिले.

या दृष्टीने पाहता वारंवार तपासणी हा अनिश्चिततेवरील उपाय ठरत नाही. चांगल्या अहवालाचा दिलासा पुढच्या तारखेपर्यंतच टिकतो. म्हणून भीतीकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. ऑस्ट्रेलियात कर्करोगमुक्त झालेल्या २२२ व्यक्तींच्या अभ्यासात (२०१७) पाच सत्रांच्या मानसोपचाराने पुनरुद्भवाची भीती निव्वळ शिथिलीकरणाच्या प्रशिक्षणापेक्षा अधिक कमी झाली. या व्यक्तींना स्तन, आतडे व त्वचा यांचे कर्करोग झाले होते; तरीही भीती उपचारक्षम आहे, हे त्यातून सूचित होते.

कुटुंब आणि कार्यस्थळ

आपल्याकडे अहवाल अनेकदा प्रथम पती वा मुलाच्या हाती पडतो आणि 'तिला उगाच काळजी नको' म्हणून दडवला जातो. आकडा जाणून न घेण्याचा निर्णय स्त्रीने स्वतः घेणे आणि तो तिच्यापासून लपवणे, यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यात तिची इच्छा असते, दुसऱ्यात ती नाकारली जाते. घरच्यांचे बदललेले चेहरे तिला बरेच काही सांगतात. केवळ विचारण्याची वाट बंद होते.

महाविद्यालयासारख्या कार्यस्थळीही हा प्रश्न येतो. कामावर परतलेल्या प्राध्यापिकेला सहकारी 'आता सगळे ठीक ना?' असे विचारतात. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तिच्यापाशी नसते. तपासणीच्या दिवसांची रजा सहज मिळणे आणि पुढील सत्राची जबाबदारी तिला गृहीत न धरता विचारून देणे, अशा साध्या गोष्टी येथे अधिक उपयोगी पडतात.

समारोप

रक्ततपासणी घेतली वा नाकारली, तरी काही गोष्टी दोन्ही परिस्थितींत आवश्यक राहतात. पोट फुगणे, भूक मंदावणे, धाप लागणे अशी लक्षणे टिकून राहिल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटले पाहिजे. देखरेख रोगाविषयी माहिती देते. भविष्याची हमी देत नाही. हा भेद स्पष्ट झाला की दोन तपासण्यांमधला काळ केवळ प्रतीक्षेचा न राहता त्या स्त्रीच्या जगण्याचा होऊ शकतो.