दृष्टिहीन विद्यार्थ्यांची अध्ययनसाधने

मुद्रित मजकूर डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्यांना वाचन, लेखन, गणन इ. क्रिया स्पर्शाच्या वा श्रवणाच्या द्वारे साध्य करून देणाऱ्या लिप्या, उपकरणे व संगणकीय प्रणाली यांचा अंतर्भाव या संज्ञेत होतो. अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी वापरली जाणारी भिंगे आणि मोठ्या टंकातील पुस्तके हीही त्यांतच मोडतात. कोणतेही साधन उपयोगी ठरण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : मजकूर त्या साधनास ग्राह्य अशा रूपात असणे, साधन विद्यार्थ्याच्या हाती असणे आणि त्याचा वापर शिकविणारा शिक्षक उपलब्ध असणे. यांपैकी एकीचा अभाव असल्यास उरलेल्या दोन्ही बहुधा निष्फळ ठरतात.

ऐतिहासिक आढावा : व्हालांतँ आयुई (१७४५–१८२२) याने पॅरिस येथे अंध मुलांची शाळा काढली व उठावाच्या रोमन अक्षरांत पुस्तके छापली. ही अक्षरे बोटांना सावकाश ओळखता येत. परंतु विद्यार्थ्यास ती स्वतः लिहिता येत नसत. शार्ल बार्ब्ये याने उठावाच्या बारा टिंबांची ध्वनिलेखन पद्धती योजिली. याच शाळेचा विद्यार्थी लूई ब्रेल (१८०९–५२) याने टिंबांची संख्या सहावर आणली, त्यामुळे संपूर्ण चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावू लागले. ही लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातील पहिली अंधशाळा ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसर येथे स्थापन केली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी शाळा सुरू केली; दादर येथील कमला मेहता अंधशाळा ती हीच. राष्ट्रीय अंध संघटनेची (नॅब) स्थापना १९५२ मध्ये मुंबई येथे झाली.

भारती ब्रेल : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचारात होत्या. १९५१ मध्ये त्यांच्या जागी भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. सहा टिंबांच्या घरात एकूण ६३ चिन्हे संभवतात. ‘क’ साठी टिंबे १ व ३, ‘इ’ साठी २ व ४, तर ‘ळ’ साठी ४, ५ व ६ ही टिंबे वापरतात. स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच चिन्ह असून ते व्यंजनानंतर येते. छापील ‘कि’ मध्ये वेलांटी अक्षरापूर्वी दिसते. ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ व नंतर ‘इ’ असा उच्चाराचाच क्रम राहतो. जोडाक्षरात अपूर्ण व्यंजनापूर्वी चौथे टिंब देतात.

लेखन व गणन : ब्रेल पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने टिंबे उमटविली जातात. उठाव कागदाच्या मागील बाजूस येत असल्याने लेखन उजवीकडून डावीकडे करावे लागते आणि कागद उलटून ते डावीकडून उजवीकडे वाचले जाते. पर्किन्स ब्रेलर (१९५१) या सहा कळींच्या यंत्रात टिंबे वरच्या बाजूस उमटतात, त्यामुळे लिहिलेले तत्काळ तपासता येते. अंकगणितासाठी टेलर पाटी वापरतात. तिच्या अष्टकोनी छिद्रांत खुंटी आठ दिशांना बसविता येते. खुंटीची दोन टोके भिन्न असल्याने एकूण सोळा चिन्हे मिळतात. नकाशे व भूमितीच्या आकृत्या यांसाठी उठावाची चित्रे लागतात. ब्रेल पुस्तकाचा मोठा दोष म्हणजे त्याचा आकार. एका छापील पाठ्यपुस्तकाचे अनेक जाड खंड होतात.

श्राव्य साधने : ध्वनिमुद्रित पुस्तकांमुळे ही अडचण दूर झाली, तरी फितीवर हवे ते प्रकरण शोधणे कष्टाचे होते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी या आंतरराष्ट्रीय संघाने प्रमाणित केलेल्या रचनेत प्रकरण, पृष्ठ व परिच्छेद यांनुसार पुस्तक चाळता येते. मात्र श्रवण हा ब्रेलला पर्याय नव्हे. केवळ ऐकून शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे व विरामचिन्हे यांचा प्रत्यक्ष परिचय होत नाही आणि त्याचे लेखन कच्चे राहण्याचा संभव असतो.

संगणकीय साधने : पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखविणाऱ्या प्रणालीस पडदावाचक म्हणतात. एनव्हीडीए (२००६) ही अशी विनामूल्य प्रणाली होय. तिच्या आधारे मराठी मजकूर ऐकता येतो. खाली-वर होणाऱ्या टाचण्यांच्या साहाय्याने हाच मजकूर ब्रेलमध्ये दर्शविणारी उपकरणेही आहेत. तथापि मराठीत एक विशेष अडचण उद्‌भवली. येथील मुद्रणव्यवसाय दीर्घकाळ ज्या संगणकीय टंकांवर चालला, त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले होते. डोळस वाचकास अक्षर दिसते. पडदावाचक मात्र संकेतांक वाचतो आणि विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक रोमन अक्षरे पडतात. छायाप्रतीच्या रूपातील पृष्ठ तर त्याच्या लेखी निव्वळ चित्र असते. युनिकोड पद्धतीत टंकित केलेला मजकूरच आवाज, ब्रेल व मोठा टंक या तिन्ही रूपांत नेता येतो. म्हणजेच पुस्तक सुगम होणार की नाही, हे पुष्कळदा ते विद्यार्थ्याकडे येण्यापूर्वी, अक्षरजुळणीच्या वेळीच ठरते.

ग्रामीण स्थिती : अंधांच्या विशेष शाळा प्रामुख्याने शहरांत असतात. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे–सोलापूर महामार्गावरील व कुर्डुवाडी–मिरज लोहमार्गावरील गाव आहे. अशा दळणवळणाच्या गावी राहणाऱ्या कुटुंबापुढेही दोनच मार्ग असतात : मुलास दूरच्या निवासी शाळेत ठेवणे किंवा गावातील सर्वसाधारण शाळेत घालणे. दुसऱ्या मार्गास उत्तेजन देणारी केंद्रीय एकात्म शिक्षण योजना १९७४ मध्ये सुरू झाली. या मार्गाने मूल घरी राहते. परंतु ब्रेल जाणणारा शिक्षक रोज वर्गात नसल्यास मिळालेली पाटी वा यंत्र पडून राहते.

याच तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापून त्यांना श्राव्य कविता व दृक्‌श्राव्य पाठ जोडले. या कार्यासाठी त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हा प्रयोग सर्व मुलांसाठी होता. तथापि छापील पानातून आवाजाकडे जाण्याची ही वाट दृष्टिहीनांनाही उपयोगी पडू शकते. त्यासाठी संकेताची जागा बोटांना कळेल अशी उठावाची कड आणि चित्रात दाखविलेल्याचे शब्दांत वर्णन या दोन बाबींची जोड आवश्यक आहे. त्यांच्या अभावी दृक्‌श्राव्य पाठातील ‘येथे पहा’ हे शब्द दृष्टिहीन मुलास वर्गात असूनही वर्गाबाहेर ठेवतात.

कायदेशीर तरतुदी : प्रतिलिप्यधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती तयार करण्यास मुभा मिळाली. याच हेतूने झालेला माराकेश करार (२०१३) भारताने २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थित केला. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययनसाहित्य व योग्य साहाय्यक उपकरणे विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी शासनावर आहे. परीक्षेत लेखनिक व अधिक वेळ देण्याचीही तरतूद आहे. उपकरणाचे वाटप एका दिवसात होऊ शकते. मजकुराची सुगमता, शिक्षकाचे प्रशिक्षण व उपकरणाची दुरुस्ती ही मात्र वर्षानुवर्षे चालणारी कामे असून, हा हक्क प्रत्यक्षात उतरणे त्यांवरच अवलंबून आहे.