आत्याचा लॅपटॉप

नवरात्रात सोलापूरहून आत्याचा फोन आला. तिच्या लॅपटॉपवर दर दोन दिवसांनी पडदाभर सूचना येत होती की तुमच्या विंडोज १० ची मुदत संपत आली आहे आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. दुकानदाराने जुन्याचे दीड हजार लावले होते आणि नव्याचं दरपत्रक हातात दिलं होतं. "अगं, पण ह्याला झालंय काय?" आत्या म्हणाली. "बटण दाबलं की सुरू होतो. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुणी डोळे काढून देतं का?"

१४ ऑक्टोबर २०२५ ला ती मुदत संपली. त्या दिवाळीच्या तोंडावर 'जुना द्या, नवा घ्या'च्या जाहिराती जोरात होत्या आणि घराघरांत माळ्यावरून खाली उतरलेले लॅपटॉप भंगारवाल्याची वाट पाहत होते. त्यांतल्या बहुतेकांना काहीही झालेलं नव्हतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ही पिढी बाजारात आली २०१७ साली. म्हणजे २०१६ च्या दिवाळीत हौसेने, चांगले पैसे मोजून घेतलेला लॅपटॉपही बाद. सुरक्षेचं कारण खोटं नाही; पण त्या सुरक्षेचा खर्च सगळा ग्राहकाच्या खिशातून, हे मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली आहे, ती जरूर घ्या. पण ती संपली की प्रश्न पुन्हा दारात उभाच राहणार.

आत्याचा लॅपटॉप २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही यंत्रणा टाकायचं मी ठरवलं. लिनक्सच्या शेकडो आवृत्त्या आहेत आणि नवखा माणूस त्या यादीतच हरवतो, म्हणून सरळ सांगते: विंडोजची सवय असलेल्याने मिंट घ्यावं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. हात आपोआप योग्य जागी जातो. २००६ मध्ये क्लेमां लफेव्र यांनी ते सुरू केलं. सध्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यातली एक्सएफसीई ही आवृत्ती हलकी आहे, ४ जीबीच्या यंत्राला तीच मानवते.

दसऱ्याला सोलापूरला गेले तेव्हा पर्समध्ये ८ जीबीचा पेनड्राइव्ह होता. मिंटची फाइल उतरवून ती रूफस या प्रोग्रामने त्यावर चढवली होती. नुसती कॉपी करून भागत नाही, इथेच पुष्कळ जण अडतात. लॅपटॉप सुरू होताना एफ-१२ दाबलं (कंपनीगणिक ही कळ बदलते, कुठे एफ-९, कुठे एस्केप), यादीतून पेनड्राइव्ह निवडला आणि दोन-तीन मिनिटांत मिंटचा पडदा उघडला. या क्षणी हार्ड डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. पेनड्राइव्हवरूनच सगळं चालतं, म्हणून आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सगळं आधी बघून घेता येतं. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज जसंच्या तसं.

आमचं वाय-फाय दिसलं नाही. जुन्या लॅपटॉपांत हे होतं. काही वायरलेस चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये वेगळे घालावे लागतात आणि ते उतरवायला इंटरनेट हवं. आत्याचा चेहरा पडला. मग तिचाच मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडला, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि नेट आलं. ड्रायव्हर मॅनेजरने चिप ओळखली, पाच मिनिटांत वाय-फायच्या रेघा उमटल्या. जुन्या यंत्राशी झटताना ही वायर हाताशी ठेवा.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती लिनक्सची नव्हती. आत्या मराठीची निवृत्त शिक्षिका. गेली पंधरा वर्षं ती आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करते आहे, २१२ पानं झाली आहेत. 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय निवडण्याआधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं आणि पडताळा म्हणून पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये, लिब्रेऑफिसात ती फाइल उघडली. पहिल्या पानावर कुलस्वामिनीच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस आणि उद्गारचिन्हं. आत्या खुर्चीतून उठली. "गेलं का गं सगळं?"

गेलं काहीच नव्हतं. जुने मराठी फॉन्ट म्हणजे मराठीचं सोंग घेतलेली इंग्रजी अक्षरं. फाइलमध्ये इंग्रजी 'के'च साठवलेला असतो, फक्त फॉन्ट तो आपल्याला देवनागरी करून दाखवतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, तरीही आपली डीटीपीची दुकानं, संस्थांच्या कचेऱ्या, दिवाळी अंकांची कार्यालयं कितीतरी वर्षं या फॉन्टांवर चालली. कितीतरी इतिवृत्तं, स्मरणिका, ओव्यांचे संग्रह अजून त्याच कोठडीत आहेत. ते लिखाण शोधता येत नाही, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला वाचताही येत नाही. लिनक्सकडे वळताना घरातल्या मराठी फाइली एकदा उघडून बघाल, हा मला या खटाटोपाचा सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

आत्याच्या फॉन्टची सीडी ट्रंकेत होती. फॉन्टची फाइल मिंटच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकली, लिब्रेऑफिस बंद करून उघडलं आणि कुलस्वामिनी परत आली. मग कन्व्हर्टरने सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आयताच आहे, सेटिंगमध्ये जाऊन निवडला की झालं. मुंबईच्या एक टाइपसारख्या फॉन्टकारांनी खुल्या परवान्याचे देखणे देवनागरी फॉन्ट केले आहेत, तेही घालून दिले.

ज्यांचं काम टॅलीवर चालतं, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपशिवाय ज्यांचा दिवस जात नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांनी आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावं. बाकीच्यांचं नव्वद टक्के काम आता ब्राउझरमध्येच होतं: सातबारा, बँक, नातवंडांशी व्हिडिओ कॉल. ते लिनक्सवर तसंच होतं. वेग मात्र जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कुठलीच यंत्रणा देणार नाही. तिथे एसएसडी घालायलाच हवी. २५६ जीबीची साधी एसएसडी २०२५ मध्ये दोन हजारांच्या आसपास मिळत होती. आत्याचा लॅपटॉप आधी सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, एसएसडी घातल्यावर आता चहाला आधण येईपर्यंतही थांबावं लागत नाही.

हे सगळं आपल्याकडे अजून 'कॉम्प्युटरवाल्या मुलांचं काम' समजलं जातं, याचं मला वाईट वाटतं. केरळने २००१ पासून शाळांमध्ये संगणक शिक्षणाचा प्रकल्प राबवला आणि पुढे तो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. २०१९ मध्ये तिथल्या काइट या सरकारी संस्थेने उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी काढली. परवान्यांचे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. तिथल्या खेड्यातल्या मुलाला लिनक्स परकं वाटत नाही, कारण त्याने पहिल्यांदा पाहिलं तेच ते. आपल्याकडे त्याच २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाला. लाखो जणांच्या हातात पहिला माउस त्या वर्गात आला, माझ्याही आला, आणि समोरच्या पडद्यावर विंडोजच होतं. त्या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलामुलींची भीती घालवली, हे ऋण मी मानते. म्हणूनच जिल्हा परिषदेच्या शाळांत धूळ खात पडलेल्या संगणकांसाठी हे काम महाराष्ट्राने हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. त्यांच्या चेन्नई केंद्राने बॉस नावाचं भारतीय लिनक्स केव्हाच तयार केलं आहे. अडचण तंत्राची उरलेली नाही.

परवा आत्याचा फोन आला तेव्हा ती लॅपटॉपवरच होती. कन्व्हर्टरने एक घोळ करून ठेवला आहे. आपला मराठीचा अर्धा 'ऱ' त्याला कळला नाही, त्याने सगळीकडे रफार चढवला. १९३४ च्या लग्नाच्या हकिकतीत पणजोबांनी आचाऱ्यांना धोतरजोड्या दिल्या होत्या, तिथे आता 'आचार्यांना' झालं आहे. "स्वयंपाक्यांचा मान शंकराचार्यांना गेला," आत्या हसत होती. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग 'य'ची कळ, हे तिला आता पाठ झालं आहे. रोज दहा पानं तपासायची असं तिने ठरवलं आहे. परवा ती एकेचाळिसाव्या पानावर होती.