पहिली पट्टी चांगली आली तरी…

‘पित्त असेल, स्वयंपाक उरकून बघू,’ असं म्हणत आपण बायका दुखणं मागे टाकतो. पण छातीवर दडपण, जबडा-पाठ दुखणं, धाप, दरदरून घाम असेल तर गॅस बंद करून आधी दवाखाना गाठावा. तिथं १० मिनिटांत ई.सी.जी. निघायला हवा. रेघेतला ‘एस-टी’ भाग वर उचललेला दिसला, तर हृदयाची रक्तवाहिनी बहुधा पुरती बंद झालेली असते. मग डॉक्टर थांबत नाहीत.

मात्र पहिली पट्टी चांगली आली म्हणून लगेच चपला घालू नका हं! झटका असूनही ती कधीकधी साफ येते. दुखणं चालूच असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिनही तपासतात. जुना ई.सी.जी. असेल तर बरोबर न्या. शेजारी ठेवला की नवा बदल चटकन कळतो. आमच्याकडे तो रेशनकार्डाच्या पिशवीतच असतो.